अठ्ठेचाळीस चमच्यांचा कप

पाऊण वाटी बेसनात पाव वाटी कणीक घातली की वाटीभर पीठ होते, हे आमच्या घरात कोणाला मांडून दाखवावे लागत नाही. दीड आणि पाऊण मिळून सव्वादोन, अडीचातून पाऊण गेले की पावणेदोन, ही उत्तरे हात पिठात असतानाच तोंडातून निघतात. मात्र केकसाठी दोन तृतीयांश कप संत्र्याचा रस हवा आहे आणि अर्धा कप निघाला आहे, तर आणखी किती लागेल, असे विचारले की हीच माणसे एकमेकांची तोंडे पाहू लागतात. पाव-पाऊणाचा सराव आहे आणि तृतीयांशाचा नाही, हे खरे असले तरी सराव एकाचाच का झाला, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर मला आपल्या मापांच्या घडणीत दिसते.

जुनी धान्यमापे घ्या. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची एक पायली. पायली किती मोठी हे गावोगाव बदलत असे, पण निम्म्याचे निम्मे करत खाली उतरण्याची रीत कायम होती. शेराचा अर्धा भाग म्हणजे मापटे, पाव भाग म्हणजे चिपटे, अष्टमांश म्हणजे कोळवे आणि सोळावा भाग म्हणजे निळवे. अशा मापांत बेरीज करताना छेद समान करावा लागतो हे करणाऱ्याला जाणवतही नाही, कारण मोठ्या मापात लहान माप नेहमी पुरेपूर बसते. एक मापटे आणि एक चिपटे तांदूळ एकत्र केले तर मापट्याची दोन चिपटी धरायची, एकूण तीन चिपटी झाली, म्हणजे पाऊण शेर झाला. शाळेच्या वहीत हेच १/२ + १/४ = २/४ + १/४ = ३/४ असे लिहितात. मापट्याला चिपट्यांत मोजणे आणि १/२ ला २/४ लिहिणे ही एकच क्रिया आहे. पहिली करताना मात्र कोणाला घाम फुटत नाही.

पैशांचेही तसेच होते. रुपयाचे सोळा आणे असल्यामुळे पाव रुपया म्हणजे चार आणे, अष्टमांश म्हणजे दोन आणे आणि सोळावा भाग म्हणजे एक आणा. या तिघांची बेरीज सात आणे, म्हणजे ७/१६ रुपया, आणि ती करायला बोटेसुद्धा पुरतात. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले, पुढच्या काही वर्षांत शेराची जागा किलोने घेतली, तरी बोलण्यातले आणे काही गेले नाहीत. माझ्या सासूबाई अजूनही ‘भाजी बारा आणे शिजली आहे’ असे म्हणतात आणि उरलेल्या चार आण्यांसाठी गंजावर झाकण ठेवतात. त्यांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवाकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे सगळे पाढे घोकले होते. त्या पाढ्यांत साडेतीनपर्यंत सगळे आहे, पण सगळेच पावाच्या पटीतले आहे. तिसऱ्या भागाचा त्यांत मागमूस नाही. सराफाची गोष्ट निराळी. तोळ्याचे मासे बारा असल्यामुळे तोळ्याचा तिसरा भाग चार मासे असा पुरा येतो. म्हणजे नागपुरात इतवारीच्या सराफ्यात तृतीयांशाची सोय होती, धान्याच्या मापांत मात्र शेराचा तिसरा भाग भरेल असे भांडेच नव्हते.

तृतीयांश आमच्या ओट्यावर आला तो केकच्या मापांबरोबर. प्लॅस्टिकच्या किंवा स्टीलच्या कपांचा जो संच भांड्यांच्या दुकानात मिळतो त्यात साधारणपणे चार कप असतात: एक, अर्धा, एक तृतीयांश आणि पाव. पहिला, दुसरा आणि चौथा हे एकमेकांत नीट बसतात. तिसरा मात्र परका आहे. तो पावात बसत नाही, अर्ध्यात बसत नाही, आणि म्हणूनच त्याच्याबरोबर बेरीज-वजाबाकी करायची वेळ आली की गाडे अडते.

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी सहावीतली एक मुलगी मृग बहाराची संत्री घेऊन याच केकसाठी आमच्याकडे आली होती. तिला अपूर्णांक नुकतेच शिकवलेले असल्यामुळे तिने वहीच्या मागच्या पानावर ताबडतोब मांडणी केली. ३ आणि २ यांचा ल.सा.वि. ६, म्हणून २/३ म्हणजे ४/६, १/२ म्हणजे ३/६, आणि वजाबाकी केल्यावर १/६. उत्तर अगदी बरोबर होते. पुढे ती चारही कप उलटेपालटे करून त्यांच्या दांड्यांवरचे आकडे वाचू लागली, कारण सहावा भाग मोजायचा कप त्या संचात नव्हता. वहीतले गणित तिथे संपते आणि ओट्यावरचे सुरू होते, आणि या दोहोंमधली पायरी पाठ्यपुस्तकात मला कुठे आढळलेली नाही.

ती पायरी म्हणजे चमचा. संचातला मोठा कप २४० मिलिलिटरचा असेल आणि छोटा चमचा, म्हणजे चहाचा, ५ मिलिलिटरचा असेल, तर कपात असे ४८ चमचे मावतात. ४८ या संख्येला २, ३, ४, ६, ८, १२, १६ आणि २४ या सर्वांनी निःशेष भाग जातो. आपल्या निम्म्या-निम्म्याच्या मापांना लागणारा सोळा तिच्यात आहे, आणि तृतीयांशाला लागणारा तीनही आहे. त्यामुळे अर्धा कप म्हणजे २४ चमचे, तृतीयांश म्हणजे १६, पाव म्हणजे १२, पाऊण म्हणजे ३६, दोन तृतीयांश म्हणजे ३२ आणि अष्टमांश म्हणजे ६, असे सगळे पूर्णांकांत येते. एकदा सगळे चमच्यांत बोलू लागलो की छेद उरतच नाही; साधी बेरीज, साधी वजाबाकी. ३२ वजा २४ म्हणजे ८ चमचे रस. तीन छोट्या चमच्यांचा एक मोठा चमचा होतो, म्हणून दोन मोठे आणि दोन छोटे.

हा रस मोजताना तिचे बारीक लक्ष होते, आणि मलाही त्या दिवशी चमचा जवळून पाहायला मिळाला. रस चमच्याच्या काठापाशी थांबत नाही. काठाच्या वर किंचित फुगतो आणि हात हलला की एकदम ओघळतो. गराचा एखादा तंतू कडेला अडकला की त्या चमच्यात रस कमी आणि गर जास्त येतो. पिठाचा किंवा साखरेचा चमचा सुरीच्या पाठीने सपाट करता येतो, रसाचा करता येत नाही. म्हणून पातळ पदार्थाचे आठ चमचे मोजले तर आठ वेळा थोडीथोडी चूक होते. दोन मोठे आणि दोन छोटे घेतले तर तीच चूक चार वेळाच होते. हे सांगितल्यावर ती म्हणाली, “काकू, मग अठ्ठेचाळीस चमचे मोजत बसली तर केक उद्याच होईन.” तिचे म्हणणे रास्त होते. चमच्यांत हिशेब करावा, पण भरताना शक्य तितके मोठे माप घ्यावे, हाच खरा नियम आहे.

या नियमाचे दुसरे उदाहरण द्यायचे तर पाऊण कप साखरेतली एक तृतीयांश कप साखर पाकासाठी काढायची आहे असे समजा. पिठात घालायला किती उरेल? ३६ वजा १६ म्हणजे २० चमचे, अर्थात ५/१२ कप. वीस चमचे मोजण्याऐवजी तृतीयांशाचा कप एकदा भरावा आणि त्यावर चार छोटे चमचे, म्हणजे एक मोठा आणि एक छोटा, घालावे. अर्थात साखर समोर असेल तर याचीही गरज नाही. पाऊण कप साखर भांड्यात घेऊन तिच्यातून तृतीयांशाचा कप भरून बाजूला काढला की भांड्यात आपोआप ५/१२ उरते. वजाबाकी कपानेच केली. आकडा लागतो तो डब्यातली साखर पुरेल की नाही हे आधीच ठरवायचे असते तेव्हा, किंवा कृती निम्मी करायची असते तेव्हा. पाऊण कपाचे निम्मे ३/८, म्हणजे १८ चमचे, म्हणजे पाव कप आणि दोन मोठे चमचे. यात अधिक सांगण्यासारखे काही नाही.

अंशात अंश आणि छेदात छेद मिळवण्याची मुलांची खोड सर्वांना ठाऊक आहे. १/२ + १/४ = २/६ असे लिहिलेले पोर वर्गात ओरडा खाते आणि तरी पुन्हा तेच लिहिते. त्याला नियम पुन्हा सांगण्यापेक्षा अर्धा कप रवा देऊन त्यात पाव कप ओतायला सांगावे. २/६ म्हणजे १/३. अर्ध्या कपात भर घातल्यावर तृतीयांश कप रवा व्हायचा तर भर घालताना रवा कमी झाला असे म्हणावे लागेल. हे भांड्यात एकदा पाहिलेले मूल ती चूक सहसा पुन्हा करत नाही.

येथवर मी गृहीत धरले ते असे की कप एकच आहे. व्यवहारात तो एकच नसतो, आणि माझ्या मते अपूर्णांकांच्या हिशेबात सर्वांत मोठी गफलत इथे होते. काही संचांतला कप २५० मिलिलिटरचा असतो. त्यात पाच मिलिलिटरचे ५० चमचे मावतात, पाव कपाचे साडेबारा होतात आणि तृतीयांशाचे सोळा आणि वर दोन तृतीयांश. हिशेबाची सगळी मजा जाते. संच विकत घेताना दांडीवरचा आकडा वाचून २४० चा घ्यावा, असे मी सुचवीन. मेलबर्नला राहणारी माझी भाची जी कृती पाठवते तिच्यातला मोठा चमचा आणखी निराळा, कारण ऑस्ट्रेलियात तो २० मिलिलिटरचा, म्हणजे चार छोट्या चमच्यांचा असतो. तिचे तीन मोठे चमचे ६० मिलिलिटर भरतात आणि आपले ४५. तिचे मोजून सोळा आणे होण्याऐवजी आपले बारा आणेच होतात.

वाटीची कथा याहून गुंतागुंतीची आहे. आमच्या आमटीच्या वाटीत दीडशे मिलिलिटर पाणी मावते आणि माहेरून आलेल्या पितळी वाटीत दोनशे. एकीचे अर्धे आणि दुसरीचे अर्धे एकत्र केले तर १७५ मिलिलिटर होतात, आणि ही एक वाटी कोणाचीच नव्हे. अर्धा अधिक अर्धा बरोबर एक, हे तेव्हाच खरे जेव्हा दोन्ही अर्धे एकाच पूर्णाचे असतात. एका कृतीत सगळे एकाच वाटीने मोजले तर वाटी कोणती हे महत्त्वाचे राहत नाही, कारण प्रमाण तेच राहते. अडचण येते ती दोन घरच्या कृती एकत्र आल्यावर. सांबारवडीचेच घ्या, सांबार म्हणजे कोथिंबीर, हे नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी. पारीचे प्रमाण मी आईकडून घेतले आहे: दीड वाटी बेसन आणि पाऊण वाटी कणीक, म्हणजे सव्वादोन वाट्या पीठ. सारणाचे प्रमाण सासूबाईंचे आहे: सांबाराच्या मोठ्या जुडीला अर्धी वाटी सुके खोबरे, पाव वाटी तीळ आणि पाव वाटी खसखस, म्हणजे एक वाटी. आईची वाटी पितळी आणि सासूबाईंची आमटीची. या सव्वादोन आणि एक यांची बेरीज सव्वातीन करता येत नाही, आणि पारीला सारण पुरेल का हेही त्यावरून सांगता येत नाही. आधी दोन्ही मिलिलिटरमध्ये आणावे लागते: सव्वादोन गुणिले दोनशे म्हणजे ४५० मिलिलिटर पीठ आणि १५० मिलिलिटर कोरडे सारण. भिन्न छेदांचे अपूर्णांक मिळवताना छेद समान करतात हे शाळेत पक्के शिकवतात. पूर्णही समान असावा लागतो हे गृहीत धरले जाते, आणि चूक घडते ती तिथेच.

पूर्ण बदलण्याचा दुसरा प्रकार वड्या वळताना दिसतो. पहिल्या घाण्यासाठी सारणाचा चौथा भाग काढला. दुसऱ्या घाण्यासाठी उरलेल्याचा चौथा भाग काढला. दोन वेळा पाव काढल्यामुळे निम्मे सारण संपले असे वाटते, पण दुसऱ्या वेळचा पाव हा पाऊणाचा पाव होता, म्हणजे ३/१६. एकूण गेले ४/१६ + ३/१६ = ७/१६, आणि उरले ९/१६. आण्यांत बोलायचे तर निम्म्यापेक्षा एक आणा जास्त उरले. संख्या लहान वाटते, तरी शेवटच्या घाण्यात पारी संपून सारण का उरते याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

आटवण्याच्या सूचना तर फारच जपून वाचाव्या लागतात. ‘दूध पाव भाग आटवा’ आणि ‘दूध पाव होईपर्यंत आटवा’ या दोन वाक्यांत एका शब्दाचे अंतर आहे. पहिल्यात लिटरचे पाऊण लिटर उरते आणि दुसऱ्यात पाव. पहिले बासुंदीच्या वाटेवर असते, दुसरे खव्याच्या.

आणि एक गोष्ट अशी आहे की जिथे गणित पूर्ण बरोबर असूनही उत्तर चुकते. एक कप पाण्यात अर्धा कप साखर घालून न उकळता ढवळून विरघळवली तर दीड कप पाक मिळायला हवा. मोजून पाहावे, सव्वा कपच भरतो. कपभर साखरेचे वजन साधारण २०० ग्रॅम, म्हणून अर्ध्या कपात १०० ग्रॅम साखर असते. दाण्यांच्या मधली जागा हवेने भरलेली असते, आणि विरघळल्यावर या शंभर ग्रॅम साखरेला पाण्यात साधारण ६२ मिलिलिटरच जागा लागते. २४० अधिक ६२ म्हणजे ३०२ मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ सव्वा कप. बेरीज कपांची केली, पण अर्धा कप साखरेतला जवळजवळ पाव कप हवा होती. वजनाच्या बाबतीत असे होत नाही: २४० ग्रॅम पाणी आणि १०० ग्रॅम साखर मिळून ३४० ग्रॅम पाक होतो, विरघळण्याआधी आणि नंतरही. मिठाईवाले काट्यावर मोजतात ते याचसाठी. घरी मात्र मी वाटी सोडणार नाही, काटा काढून ठेवण्याइतकी जागा आमच्या ओट्यावर नाही हेही एक कारण.

समच्छेद करण्याची रीत आपल्याकडे किती जुनी आहे हे पाहायचे तर भास्कराचार्यांची ‘लीलावती’ उघडावी. ११५० मधल्या त्या ग्रंथात सांगितले आहे की दोन्ही राशींचे अंश आणि छेद एकमेकांच्या छेदाने गुणावेत. आणि पुढे जाणत्यांसाठी सोय अशी की छेदांना सामाईक भाजकाने आधी भागून घ्यावे आणि मग गुणावे. पाव आणि सहावा भाग मिळवायचा तर पहिल्या रीतीने छेद २४ येतो, दुसरीने १२. त्याच ग्रंथात स्वयंपाकाचे एक गणित आहे. एका द्रम्माला, म्हणजे तेव्हाच्या एका नाण्याला, साडेतीन मान तांदूळ किंवा आठ मान मूग मिळतात; मान हे धान्याचे माप. वाटसरू वाण्याला म्हणतो की या तेरा काकिणी घे, तांदळाचे दोन भाग आणि मुगाचा एक भाग लवकर दे, जेवून निघायचे आहे, सोबती पुढे जाईल. चौसष्ट काकिण्यांचा एक द्रम्म, तेव्हा त्याच्याजवळ १३/६४ द्रम्म आहे. उत्तर येते तांदूळ ७/१२ मान आणि मूग ७/२४ मान. तांदळाची किंमत १/६ द्रम्म आणि मुगाची ७/१९२. पडताळा घ्यायचा तर १/६ म्हणजे ३२/१९२, त्यात ७ मिळवले की ३९/१९२, आणि तिनाने भागले की १३/६४. वाण्याने एक काकिणीही जास्त घेतलेली नाही.

हे गणित मी त्या सहावीतल्या मुलीला ओट्यावर करायला दिले, मानाच्या जागी आपला २४० चा कप धरून. ७/१२ कप तांदूळ म्हणजे २८ चमचे: अर्धा कप, एक मोठा चमचा आणि एक छोटा. ७/२४ कप मूगडाळ म्हणजे १४ चमचे: पाव कप आणि दोन छोटे. दोन्ही मिळून ४२ चमचे, म्हणजे ७/८ कप. आमच्याकडे मऊ खिचडीला चौपट पाणी लागते, म्हणून आधण साडेतीन कपांचे ठेवले. एवढ्यात तिघांचे रात्रीचे जेवण होते.